शतक नाही, म्हणून काय झालं?

दहावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीत कुठल्या घरी पेढे आणि कुठल्या घराचं दार लोटलेलं, हे लगेच कळतं. बचत गटाच्या बैठकीत एक सखी पदरानं डोळे पुसत म्हणाली, “ताई, पोरीला अठ्ठावन्न टक्केच पडले. हे म्हणतात, आता स्थळं बघू. एवढ्याशा मार्कांवर पुढं शिकवून काय करायचं?”

घरी येताना मला चेतन चौहान आठवले. हसू नका मैत्रिणींनो! आमचे बाबा क्रिकेटवेडे. सुनील गावसकरांचं नाव घेतलं की पाठोपाठ चौहानांचं घ्यायचेच.

चौहान जन्मले बरेलीत, पण क्रिकेटपटू म्हणून घडले पुण्यात. वाडिया कॉलेजातून महाराष्ट्राच्या संघात आले. 1969 मध्ये न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी खेळले; पण जागा काही पक्की होईना. 1972-73 च्या रणजी हंगामात महाराष्ट्रासाठी दोन द्विशतकं ठोकली, तरी कसोटी संघात आत-बाहेर चालूच. खरं स्थैर्य मिळालं ते 1977-78 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यापासून. तेव्हा वय होतं तीस! मधली वर्षं ते कंटाळून घरी बसले असते तर?

पुढे गावसकरांबरोबर त्यांनी कसोटीत दहा वेळा शतकी सलामी दिली. 1979 मध्ये ओव्हलवर 438 धावांचं अवघड लक्ष्य होतं. या जोडीनं 213 धावांची सलामी दिली आणि भारत 429 पर्यंत पोचला. सामना अनिर्णित राहिला. गावसकरांच्या 221 धावा सगळ्यांना पाठ. दुसऱ्या टोकाला चौहानांनी केलेल्या 80 धावा किती जणांना आठवतात?

चाळीस कसोटींत त्यांनी 2084 धावा केल्या, सोळा अर्धशतकं काढली; पण शतक एकही नाही. 1981 मध्ये ॲडलेडला तर 97 वर बाद झाले. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. म्हणजे शतक नसलं तरी केलेल्या कामाची किंमत होतीच ना? पुढे ते खासदार झाले, उत्तर प्रदेशात मंत्री झाले. ऑगस्ट 2020 मध्ये कोरोनाच्या आजारपणात त्यांचं निधन झालं.

आपण बायकाही जन्मभर दुसरं टोकच सांभाळतो. त्याचं मोल कुणी मांडत नाही, ही तक्रार खरीच आहे. पण मग आपणच आपल्या लेकीला शेजारणीच्या मुलीच्या टक्क्यांनी का मोजायचं? अठ्ठावन्न टक्के म्हणजे नापास नव्हे. ती नर्सिंगकडे जाईल, आयटीआय करेल, कॉमर्स घेऊन हिशेब शिकेल. पहिल्याच डावावरून तिला कायमचं तंबूत पाठवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? शिवाय अठराच्या आत लग्न लावणं हा गुन्हा आहे, तेही विसरायला नको.

संध्याकाळी आम्ही चौघीजणी त्या सखीच्या घरी गेलो. तिच्या मालकांसमोर हे सगळं मांडलं. चौहानांची गोष्टही सांगितली. ते ‘हो’ म्हणाले नाहीत, पण ‘नाही’ही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी मायलेकी जाऊन अकरावीचा अर्ज भरून आल्या.

तुमच्याही गल्लीत असं एखादं लोटलेलं दार असेल. पेढ्यांच्या घरी सगळेच जातात. तुम्ही आधी तिकडं जा.