शिबिराची वाट पाहू नका, या आठवड्यातच रक्तपेढीत जा

मे महिन्यात रक्ताचा तुटवडा पडतो, हे रक्तपेढीत काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ झालेलं आहे. कॉलेजांना सुट्ट्या लागतात आणि तिथली शिबिरं बंद होतात. चाकरमाने गावी गेलेले असतात. उन्हाच्या तडाख्यात मांडव घालून शिबिर घ्यायला मंडळं धजावत नाहीत. रुग्णालयांना मात्र सुट्टी नसते. लग्नसराईच्या प्रवासात अपघात होतात, बाळंतपणात रक्तस्राव होतो, आणि थॅलेसेमियाच्या मुलांची रक्त घेण्याची तारीख कुणाच्या सुट्टीसाठी पुढे सरकत नाही. म्हणून हे आवाहन तातडीचं आहे. तुमचं वय १८ ते ६५ च्या दरम्यान असेल, वजन किमान ४५ किलो असेल, आणि मागच्या रक्तदानाला पुरुषांच्या बाबतीत तीन व स्त्रियांच्या बाबतीत चार महिने उलटले असतील, तर या आठवड्यात जवळच्या रक्तपेढीत जा. तुम्ही कधीच रक्त दिलं नसेल, तर सुरुवात करायला हाच आठवडा धरा.

महाराष्ट्रात रक्त देणारी माणसं कमी आहेत असं मुळीच नाही. रक्तसंकलनात आपलं राज्य देशात आघाडीवर आहे. शिवजयंतीला, आंबेडकर जयंतीला, गणेशोत्सवात, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला इथे रक्तदानासाठी रांगा लागतात, आणि त्या रांगांत उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाबद्दल मला आदर आहे. अडचण अशी की आपण सगळे एकाच दिवशी येतो. रक्त काही वर्षभर साठवून ठेवता येत नाही. एका पिशवीतून लाल पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा असे घटक वेगळे केले जातात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर टिकतो. लाल पेशी पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट फक्त ५ दिवस. म्हणजे १ मेला, महाराष्ट्र दिनाच्या शिबिरात गोळा झालेल्या रक्तातल्या प्लेटलेट ६ मेपर्यंतच्या आणि लाल पेशी फार तर १२ जूनपर्यंतच्या. त्या दिवशी गरजेपेक्षा जास्त पिशव्या जमल्या, तर त्यातल्या काहींची मुदत वापराआधीच संपते, आणि नंतर त्याच शहरात नातेवाईक एका पिशवीसाठी वणवण करत असतात. देणाऱ्याने मनापासून दिलेलं रक्त असं मुदतबाह्य होताना पाहणं फार वाईट असतं.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. उत्सवाला द्या, पण उत्सवावर अवलंबून राहू नका. स्वतःच्या तारखा स्वतः ठरवा. पुरुषांना दोन रक्तदानांमध्ये ९० दिवसांचं आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. म्हणजे पुरुषाला वर्षातून चार वेळा आणि स्त्रीला तीन वेळा देता येतं. या तारखा आपल्या सोयीने वर्षभर पसरल्या, की रक्तपेढीला रोज थोडं थोडं रक्त मिळत राहतं. तिला नेमकं हेच हवं असतं.

हे रोजचं रक्त कुणाला लागतं, तेही सांगते. थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाच्या शरीरात धड हिमोग्लोबिन तयार होत नाही. त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी बाहेरून लाल पेशी चढवाव्या लागतात, तान्हेपणापासून. वेळेवर रक्त मिळालं तर हे मूल शाळेत जातं, खेळतं, परीक्षा देतं. आठवडाभर उशीर झाला की ते मलूल होतं, जिना चढताना धापा टाकतं, आणि शाळा बुडते. त्याच्या आईबापांना पिशवीची तारीख घरातल्या सणवारांपेक्षा पक्की ठाऊक असते. मे महिन्यात रक्तपेढीच्या खिडकीवर त्यांना ‘दोन दिवसांनी या’ असं सांगावं लागतं. ते सांगणाऱ्या माणसाच्या घशात शब्द अडकतात आणि ऐकणारी आई काही न बोलता मागे फिरते. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यांनाही वारंवार रक्त लागतं, आणि त्यांच्या गावापासून रक्तपेढी बऱ्याचदा खूप लांब असते. परळच्या टाटा रुग्णालयात देशभरातून कर्करोगाचे रुग्ण येतात. केमोथेरपीने त्यांच्या प्लेटलेट खाली जातात आणि मुंबईत त्यांचं हक्काचं कुणी नसतं. फूटपाथवर किंवा धर्मशाळेत राहणाऱ्या त्या बापाने रक्तदाता कुठून आणायचा?

तरीही अनेक ठिकाणी त्याला हेच सांगितलं जातं, की आधी तुमचे दाते आणा, मग पिशवी देतो. ही बदली रक्तदात्याची पद्धत मागे पडावी, असं २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणाने सांगितलं आहे. पैसे घेऊन रक्त देण्यावर त्याआधीच बंदी आली. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदाते कायद्याने बंद झाले. पण कपाट रिकामं असेल तर खिडकीवरचा कर्मचारी तरी काय करणार? दात्यासाठी दारोदार फिरणाऱ्या नातेवाइकांना दलाल बरोबर हेरतात. नात्यातला म्हणून उभा केलेला माणूस खरं म्हणजे पैसे घेऊन आलेला असतो, आणि पैशासाठी आलेला माणूस आपले आजार सांगत नाही. कायदा झाला ते उत्तमच झालं. पण तो पाळला जाण्यासाठी कपाटात आधीपासून रक्त असावं लागतं, आणि ते तुमच्या-माझ्याशिवाय दुसरं कुणी आणून ठेवणार नाही.

आता पात्रतेविषयी जरा सविस्तर, कारण माझ्या अनुभवात रक्तपेढीचे डॉक्टर जितक्या लोकांना नाकारतात त्याहून जास्त लोक घरबसल्या स्वतःला नाकारतात. ‘मला थायरॉइड आहे.’ गोळीने थायरॉइड आटोक्यात असेल तर रक्त देता येतं. ‘मला शुगर आहे.’ पथ्याने किंवा गोळ्यांनी साखर ताब्यात असेल, गेल्या चार आठवड्यांत औषध बदललेलं नसेल आणि मधुमेहामुळे इतर त्रास सुरू झालेला नसेल, तर देता येतं. इन्सुलिन घेत असाल तर नाही. रक्तदाबाचंही तसंच आहे. गोळी चालू असली तरी वरचा आकडा १०० ते १४० आणि खालचा ६० ते ९० मध्ये असेल, गोळी वा मात्रा चार आठवड्यांत बदललेली नसेल, तर डॉक्टर तपासून परवानगी देऊ शकतात. ‘मी शाकाहारी आहे, मला झेपणार नाही.’ शाकाहाराचा यात काहीच संबंध नाही, हिमोग्लोबिन १२.५ हवं, मग ते मटणातून आलेलं असो की पालेभाजीतून. ‘मी बारीक आहे.’ ४५ किलो पुरेत. त्यांच्याकडून ३५० मिलिलिटर घेतात, आणि ४५० मिलिलिटरची पिशवी ५५ किलोंच्या वरच्या माणसासाठी असते. ‘आता पन्नाशी उलटली.’ पहिल्यांदा देणाऱ्याला साठीपर्यंत आणि आधीपासून देत आलेल्याला ६५ पर्यंत मुभा आहे. पन्नाशीतला माणूस बहुधा सर्वांत भरवशाचा दाता असतो, कारण तो एकदा शब्द देतो आणि पाळतो.

बायकांशी मला वेगळं बोलायचं आहे. आपल्याकडे घरातल्या बाईने रक्त द्यायचं म्हटलं की सासूपासून नवऱ्यापर्यंत सगळे आडवे येतात. रक्त देणं बायकांचं काम नाही, हा समज खोटा आहे. पाळीचे दिवस, गरोदरपण, बाळाला अंगावर पाजण्याचा काळ आणि बाळंतपणानंतरचं वर्ष हे टाळायचं. गर्भपातानंतर सहा महिने थांबायचं. बाकीच्या काळात हिमोग्लोबिन भरत असेल तर कुणाची परवानगी लागत नाही. ते भरलं नाही आणि परत पाठवलं, तर मनाला लावून घेऊ नका. उलट, तेवढ्याशा थेंबाने तुम्हाला अॅनिमिया असल्याचं कळलं, असं समजा. डॉक्टरांना दाखवा, लोहाच्या गोळ्या नेमाने घ्या, आणि पुन्हा या. असं बरं होऊन परत आलेल्या ताई पुढे वर्षानुवर्षं देतात.

काही कारणांनी मात्र थांबावंच लागतं. नुकताच टॅटू काढला असेल किंवा कान टोचले असतील तर १२ महिने. मलेरिया बरा झाल्यावर ३ महिने, डेंग्यू किंवा चिकुनगुन्यानंतर ६ महिने, टायफॉइडनंतर १२ महिने. दात काढला तर ६ महिने, मोठी शस्त्रक्रिया झाली तर वर्ष. हिपॅटायटिस बी किंवा सी, एचआयव्ही, कर्करोग, हृदयविकार असेल तर रक्त देता येत नाही. ट्रक किंवा एसटी चालवणाऱ्या दादांनी पुढच्या पाळीला किमान २४ तास असतील तेव्हाच द्यावं, आणि रात्रपाळी केलेल्यांनी आधी पुरेशी झोप घ्यावी. उपाशीपोटी कुणीही येऊ नये. एकादशीचा किंवा नवरात्राचा उपवास असेल तर दुसरा दिवस निवडा.

रक्तपेढीत एक अर्ज भरायला देतात. तो खरा भरा, ही माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. पण संसर्ग अगदी नवा असेल तर तो काही दिवस तपासणीत दिसत नाही. त्या दिवसांत रुग्णाचं रक्षण फक्त दात्याच्या खरेपणाने होतं. म्हणूनच हेल्मेट, डबा, बॅग अशी बक्षिसं वाटणारी शिबिरं मला धोक्याची वाटतात. आयोजकांचा हेतू चांगला असेल, तरी वस्तूच्या मोहाने आलेला माणूस माहिती लपवू शकतो. शिबिरं घेणाऱ्या मंडळांना माझं सांगणं आहे: तो खर्च वाचवा, आणि वर्षातलं एक मोठं शिबिर मोडून तीन-चार लहान शिबिरं घ्या. त्यातलं एक मे महिन्यात आणि एक दिवाळीच्या सुट्टीत असू द्या. तारीख ठरवण्याआधी रक्तपेढीला विचारा, कारण त्यांना कधी चणचण असते हे त्यांनाच ठाऊक असतं.

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून प्लेटलेटबद्दलही सांगायला हवं. जुलैपासून डेंग्यू वाढतो आणि मागणी एकदम वर जाते. यंत्राच्या साहाय्याने एकाच दात्याकडून फक्त प्लेटलेट घेता येतात आणि बाकीचं रक्त त्याला परत मिळतं. रुग्णालयात याला एसडीपी म्हणतात. या एका वेळच्या दानातून सुमारे सहा साध्या पिशव्यांइतक्या प्लेटलेट मिळतात. तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. शरीर त्या लवकर भरून काढतं, त्यामुळे ४८ तासांनी पुन्हा देता येतात. आठवड्यात दोनदा आणि वर्षात २४ वेळा ही मर्यादा आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीत आपलं नाव आणि रक्तगट आत्ताच नोंदवून ठेवावा. निगेटिव्ह गटाच्या लोकांनी तर नक्कीच. आणि ज्यांना ‘बॉम्बे’ गट असल्याचं सांगितलं गेलं आहे, त्यांनी रक्तपेढीशी संपर्क कधीही तुटू देऊ नये. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत हा गट शोधला. भारतात साधारण दहा हजारांत एकाला तो असतो आणि त्या रुग्णाला त्याच गटाचं रक्त चालतं, ‘ओ’ सुद्धा चालत नाही.

‘आम्ही फुकट देतो, मग रुग्णाकडून पैसे का घेता?’ हा प्रश्न रास्त आहे. रक्ताला किंमत लावलेली नसते. पिशवी, तपासण्या, घटक वेगळे करणं, साठवण यांचा खर्च सरकारने ठरवून दिलेल्या मर्यादेत घेतला जातो, आणि थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलियाच्या रुग्णांना राज्यात रक्त मोफत देण्याचं धोरण आहे. कुणी जास्त पैसे मागितले तर पावती मागा आणि तक्रार करा. पण या रागाने दान थांबवू नका. त्याची शिक्षा ज्याने काही केलं नाही त्या रुग्णाला होते.

व्हॉट्सअॅपवर ‘तातडीने रक्त हवे’ असा निरोप आला, तर पुढे पाठवण्याआधी त्यावरच्या नंबरावर फोन करा. अनेकदा तो निरोप जुना असतो. गरज खरी असेल तर तिथल्या तिथे कळेल.

जाण्याची तयारी सोपी आहे. जवळच्या सरकारी किंवा धर्मादाय रक्तपेढीला फोन करून वेळ विचारा; ‘ई-रक्तकोश’ या सरकारी संकेतस्थळावर जिल्ह्यानुसार रक्तपेढ्या सापडतात. आदल्या रात्री नीट झोपा, सकाळी नेहमीसारखा नाश्ता करा, पाणी भरपूर प्या, ओळखपत्र जवळ ठेवा. तपासणीपासून चहा-बिस्किटापर्यंत तासाभरात मोकळे व्हाल. प्रत्यक्ष सुई दहा मिनिटांच्या आसपास असते, आणि ती दरवेळी नवी असते. साधारण पाच लिटर रक्तातलं हे ३५० मिलिलिटर. त्यातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, लाल पेशी काही आठवड्यांत. त्या दिवशी जड ओझं उचलू नका, इतकंच.

आणि निघताना खिडकीवर पुढची तारीख लिहून घ्या. २० मेला दिलंत, तर पुरुषांसाठी ती १८ ऑगस्ट येते, स्त्रियांसाठी १७ सप्टेंबर. डेंग्यूच्या दिवसांत रक्तपेढीला तुमची गरज असेलच, तेव्हा ती तारीख चुकवू नका. जमलं तर येताना शेजारच्या एखाद्याला सोबत आणा.