उपाशी यीस्टचे नोबेल आणि आपल्या गोळ्या

मोबाईलवर एक निरोप फिरत असतो: उपवास केला की शरीर आतली घाण स्वतःच खाऊन टाकते, या शोधाला नोबेल मिळाले आहे, तेव्हा औषधे सोडा. यातले नोबेल खरे आहे. पण ते औषधे सोडण्याबद्दल मिळालेले नाही.

जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी उपाशी ठेवले ते यीस्टला, माणसाला नव्हे. पाव फुगवते तेच यीस्ट. या एका पेशीच्या जीवात एक पिशवी असते, तिथे टाकाऊ भाग विरघळतात. ओसुमींनी विरघळवणारी द्रव्ये नसलेले यीस्ट घेतले आणि त्याचे अन्न तोडले. काही तासांत पिशवी बारीक गोळ्यांनी गच्च भरली. पेशी आपलेच भाग गुंडाळून तिथे आणून टाकत होती. ते विरघळेनात, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. १९९३ मध्ये त्यांनी या कामाला लागणारी १५ जनुके दाखवली. त्यांतल्या बहुतेकांसारखी जनुके माणसातही आहेत. २०१६ चे नोबेल या कामाचे.

शिवाय सफाई उपाशीपोटीच होते असेही नाही. प्रथिनाची घडी बिघडली की पेशी आधी ती सरळ करू पाहते. नाही जमले तर त्यावर युबिक्विटिन नावाची चिठ्ठी डकवते आणि त्याचे तुकडे करते. (या शोधालाही २००४ मध्ये नोबेल मिळाले, त्याचा निरोप कोणी पाठवत नाही!) बाहेरून शिरलेली काही विषे यीस्ट पंपासारख्या प्रथिनांनी बाहेर फेकते. हे सारे पोट भरलेल्या पेशीतही चालते. आपल्याकडे तर यकृत आणि मूत्रपिंडे रात्रंदिवस राबतात. मग 'डिटॉक्स' पावडरीचे डबे कशाला? माझ्या मते ती गरिबाच्या खिशाची सफाई आहे.

पैसे गेले तर निदान जीव राहतो. पण इन्सुलिन घेणारा माणूस मनानेच उपाशी राहिला तर साखर एकदम उतरून बेशुद्ध पडू शकतो. इन्सुलिनच सोडले तर साखर चढून जिवावर बेतते. टीबीच्या गोळ्या मध्येच थांबवल्या तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरातल्या लेकरांनाही धोका वाढतो.

उपवास करायचाच असेल तर आधी केसपेपर आणि चालू गोळ्या घेऊन सरकारी दवाखान्यात जा, कोणती गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.