डब्यातली ताकद आणि ताटातला वाटा

प्रोटीन पावडर हा विषय आपल्या अंकात कशाला, असं काही जणींना वाटेल. व्यायामशाळेत दंड फुगवणाऱ्या पोरांचं ते खूळ, त्याचा बायकांच्या प्रश्नाशी काय संबंध? पण गेल्या काही वर्षांत हा डबा व्यायामशाळेतून बाहेर पडला आहे. औषधाच्या दुकानात 'खास स्त्रियांसाठी' म्हणून गुलाबी वेष्टनात तो मांडलेला असतो. गरोदर बाईच्या चिठ्ठीवर लोहाच्या गोळ्यांखाली त्याचं नाव असतं. चाळिशी उलटलेल्या बाईला थकवा आला की शेजारीणही तोच सुचवते. बाईची ताकद हा आता विकायचा माल झाला आहे, म्हणून हा विषय आपला आहे.

आधी हे 'व्हे' म्हणजे काय ते पाहू. दूध नासवून पनीर केलं की खाली हिरवट-पिवळं पाणी उरतं. आपण ते कणकेत घालतो किंवा आमटीत ओततो. ते पाणी म्हणजे व्हे. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के घट्ट भागात जातात आणि २० टक्के या पाण्यात राहतात. युरोप-अमेरिकेतल्या चीजच्या कारखान्यांना हे पाणी एके काळी नकोसं होतं. ते नदीनाल्यात सोडलं जाई, डुकरांना पाजलं जाई. प्रदूषणाचे नियम कडक झाले, पाण्यातून प्रथिनं गाळून सुकवण्याचं तंत्र सुधारलं, आणि टाकाऊ पाण्याची महागडी पावडर झाली. त्यात चमत्कार नाही आणि विषही नाही. ते दुधाचंच एक अंग आहे.

या पावडरीचे फायदे खोटे आहेत असं मी म्हणणार नाही. व्हे लवकर पचतं. शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी सगळी अमिनो आम्लं त्यात असतात. स्नायू घडवायला चालना देणारं ल्यूसीन त्यात भरपूर असतं. वजनं उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांना जादा प्रथिनांचा उपयोग होतो का, यावरच्या ४९ चाचण्यांचा एकत्र आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. उपयोग होतो, पण थोडा, असा त्याचा निष्कर्ष आहे. ताकद व्यायामानंच वाढते, प्रथिनं तिला हातभार लावतात. आणि शरीराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे कितीही प्रथिनं घेतली तरी स्नायूंत आणखी भर पडत नाही.

आपल्या चळवळीत व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलींकडे कधी कधी 'सौंदर्याच्या बाजाराला भुललेल्या' म्हणून पाहिलं जातं. मला ते पटत नाही. मुलीनं नाजूक असावं, दंडाला गोळा आला तर तिला कोण करून घेणार, हे ऐकत आपण वाढलो. वजन उचलणारी मुलगी या समजुतीलाच धक्का देते. शिवाय तिशी-चाळिशीपासून स्नायू झिजू लागतात आणि पाळी गेल्यावर हाडंही झपाट्यानं विरळ होतात. म्हातारपणी मोरीत पाय घसरून खुबा मोडला की बाई अंथरुणाला खिळते, सुनेच्या मर्जीवर जगते. जागतिक आरोग्य संघटना सर्व प्रौढांना आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करायला सांगते. घरकामात बाई राबते तेवढं पुरतं, हे म्हणणं सोयीचं आहे, खरं नाही. सरावानंतर जेवायला सवड नसणाऱ्या कबड्डीपटू मुलीनं किंवा भूक मंदावलेल्या सत्तरीच्या आजीनं, मूत्रपिंडाचा आजार किंवा दुधाचं वावडं नसेल तर, डॉक्टरांना विचारून पावडर घेतली तर त्यात वावगं काहीच नाही.

पण आमच्या वस्तीतल्या आरोग्य गटात येणाऱ्या बहुतेक जणींचा प्रश्न वेगळा आहे. सकाळी कोरा चहा, दुपारी तीनला उरलेली भाकरी, रात्री सगळ्यांचं झाल्यावर तळाशी राहिलेलं कालवण. अशा पोटात चमचाभर पावडर गेली तर तिचं काय होतं? एकूण अन्नच कमी पडत असलं की शरीर प्रथिनांचं स्नायू करत बसत नाही, सरपणासारखी जाळून टाकतं. महागडी पावडर मग भाकरीचंच काम करते. आणि रक्तपांढरी? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, महाराष्ट्रात ५४ टक्के. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होतं. निव्वळ व्हे पावडरीतून लोह फारसं मिळत नाही. थकलेल्या बाईला डबा देऊन परत पाठवणं म्हणजे तिचं रक्त न तपासताच तिची बोळवण करणं.

गरोदरपणातल्या डब्याबद्दल तर स्पष्टच बोललं पाहिजे. आमच्याकडे एक धुणंभांडी करणारी मुलगी चार-पाचशे रुपयांचा डबा घेऊन आली होती. खासगी दवाखान्यात लिहून दिलेला. त्यासाठी घरात महिन्याची डाळ कमी आणली होती. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली गरोदर स्त्रियांच्या देखभालीची मार्गदर्शक तत्त्वं दिली. जिथे बायका अर्धपोटी आहेत तिथे त्यांना ऊर्जा आणि प्रथिनं दोन्ही असलेला समतोल जादा आहार द्यावा, असं त्यांत आहे. नुसती जादा प्रथिनं देण्याची शिफारस मात्र त्यांत केलेली नाही. आपल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या हैदराबादच्या पोषण संस्थेनंही २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात सांगितलं आहे की प्रथिनांच्या पावडरींत साखर, कृत्रिम गोडी आणि इतर द्रव्यं असू शकतात, म्हणून त्या नेहमी घेऊ नयेत.

डब्यावर लिहिलेलं आत असेलच याचीही खात्री नाही. भारतात मिळणाऱ्या ३६ प्रथिन-पावडरींची तपासणी करून काही डॉक्टरांनी २०२४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. काहींत लिहिल्याच्या निम्मीच प्रथिनं होती, तर १४ टक्के नमुन्यांत बुरशीची विषं सापडली.

मग बाईला प्रथिनं किती लागतात? वर सांगितलेल्या पोषण संस्थेच्या २०२० च्या हिशेबानं ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना याहून जास्त. पावडरीच्या एका मापात २४-२५ ग्रॅम मिळतात. तेवढीच दोन अंडी, मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर घट्ट वरण यांतून मिळतात. भाकरीबरोबर पिठलं, भाताबरोबर वरण ही आपल्या आज्यांची जोडी शास्त्रालाही मान्य आहे, कारण धान्यात जे कमी ते डाळीत असतं आणि डाळीत जे कमी ते धान्यात. फक्त ते बाईच्या ताटात पडलं पाहिजे.

खरी अडचण तिथेच आहे. पहाटे उठून म्हशीची धार काढणारी बाई दूध संकलन केंद्रावर पोचतं करते आणि घरी कोरा चहा पिते. घरात दोन अंडी असली तर एक नवऱ्याला, एक मुलाला. आणि घराबाहेर सरकारही तसंच वागतं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं रेशनवर दरडोई ५ किलो धान्य दिलं, पण डाळ आणि तेल हक्क म्हणून दिलं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद केले आणि हवं तर लोकवर्गणीतून द्या, असं शाळांना सांगितलं. आदिवासी भागात २०१५ पासून अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम, चौरस जेवण मिळतं. ते बाईनं तिथे बसून खायचं असतं, घरी नेऊन वाटायचं नसतं. हे शहाणपण शहरातल्या वस्त्यांपर्यंत का पोचत नाही?

मैत्रिणींनो, डबा विकत घेणाऱ्या बाईला नावं ठेवून काही साधणार नाही. तिला ताकद हवी आहे, आणि ते मागणं रास्त आहे. आपल्या गटांच्या बैठकीत एकदा प्रत्येकीनं कालच्या दिवसात काय खाल्लं आणि कितव्या नंबरला खाल्लं, एवढंच फळ्यावर लिहून पाहू या. मग रेशनवर डाळ आणि तेल, शाळेत आणि अंगणवाडीत अंडं, गरोदर बाईला वस्तीतच गरम जेवण, पावडरीच्या डब्यांची सरकारी तपासणी आणि मुली-बायकांना व्यायामासाठी हक्काचं मैदान, या मागण्या घेऊन तहसील आणि महापालिकेच्या दारात जाऊ या. आणि घरी, आज रात्रीपासून, सगळ्यांबरोबर बसून जेवू या.