आधी पत्रा, मग नाव

यंदा अक्षय्य तृतीयेला पुरणपोळीवर तूप वाढता वाढता माझ्या भाच्याने जाहीर केले, की तो एक जुनी स्पोर्ट्स कार विकत घेणार आणि स्वतः उभी करणार. घरातल्या बायका हसल्या. मी हसलो नाही. "मामा, एम. जी. मिळतेय. टी. डी. मॉडेल, एक्कावन्न सालचं. तुकड्यांत आहे, म्हणून स्वस्त." तुकड्यांत आहे म्हणून स्वस्त! हेच शब्द मी १९९८ साली एका दलालाच्या तोंडून ऐकले होते आणि त्यांची किंमत मी पुढे एकवीस वर्षे मोजली.

त्या दिवसापासून मामा-भाच्यांत वाद चालू आहे. तो केवळ आमच्या घरचा असता तर तुमच्या दिवाळी अंकाची पाने अडवली नसती. पण हल्ली बडोद्यात काय, पुण्यात काय आणि तुमच्या बेळगाव-कोल्हापुरात काय, जरा बऱ्या पगाराची मराठी पोरे या छंदात शिरताहेत. छंद चांगला आहे. निवड मात्र बहुतेक जण उलट्या टोकाने करतात. आधी नाव ठरवतात, मग रंग, मग किंमत. पत्रा आणि कागद सर्वांत शेवटी. मला याच उलट्या क्रमाशी भांडायचे आहे.

आधी माझी कथा सांगून टाकतो, म्हणजे हा उपदेश कुठल्या तोंडाने चालला आहे ते कळेल. मी समा भागात राहतो. बडोद्याच्या उत्तरेचा हा भाग पूर्वी गाव होता, आता सावली रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोसायट्याच सोसायट्या. कंपाउंडमध्ये जागा होती, अंगात रग होती. एम. जी. टी. डी. मी पासष्ट हजारांना घेतली. सांगाडा एका टेंपोत आला आणि बाकीची मोटार अकरा खोक्यांत. टी मालिकेच्या या एम. जी. गाड्यांचा पत्रा लाकडी चौकटीवर ठोकलेला असतो. ॲश नावाच्या विलायती झाडाचे ते लाकूड. आपल्या दमट हवेत आणि वाळवीच्या राज्यात त्याची काय गत होते ते मी तेव्हा पाहिले नव्हते. संखेड्याचा कारागीर झोपाळा करील तर जन्मभर करकरणार नाही, पण दरवाजाच्या वक्र चौकटीचा मापाचा नमुनाच नसेल तर तो बिचारा काय करणार? नमुना म्हणजे माझ्याकडे भुसा होता.

तरी लाकूड निस्तरले असते. निस्तरला नाही तो कागद. चासीवर ठोकलेला नंबर आणि आर. सी. बुकातला नंबर यांत दोन आकड्यांचा फरक निघाला. दलालाने "किरकोळ चूक आहे" म्हणून सांगितले होते. ती किरकोळ चूक सुधारायला मी किती चकरा मारल्या त्याचा हिशेब ठेवला नाही, कारण ठेवला असता तर घरात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. नंबर जुळेना म्हणून काम थांबवले. काम थांबले म्हणून ताडपत्री घातली. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात जवळजवळ वीस इंच पाऊस पडला, विश्वामित्री शहरात शिरली आणि ताडपत्रीखालच्या अकरा खोक्यांपैकी सात पाण्यात गेली. त्या डिसेंबरात मी उरलेली मोटार वजनावर दिली. भंगारवाल्याने पितळ वेगळे तोलले, एवढाच त्याचा मोठेपणा.

भाचा म्हणतो, "मामा, तुमचं नशीब वाईट." नशिबाचा काही संबंध नाही. मी चालत नसलेली, पुरी नसलेली आणि माझ्या कागदांशी न जुळणारी वस्तू एका नावावर भाळून घेतली. नाव एम. जी. होते म्हणून बाकी काही विचारले नाही. जी मोटार पुरी आहे, मग ती कितीही कळकट असो, तिच्या प्रत्येक स्क्रूची जागा तुमच्यासमोर असते. खोक्यांतली मोटार म्हणजे दुसऱ्या कुणीतरी सोडून दिलेले कोडे. त्यातले कुठले तुकडे हरवले आहेत हे तुम्हाला शेवटच्या खोक्यापर्यंत कळत नाही, आणि हरवलेले तुकडे नेमके तेच असतात जे कुठेही मिळत नाहीत.

आता नावाच्या मोहाविषयी. जानेवारी २०२३ मध्ये आमच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. मीही गेलो होतो. गर्दीत मराठी पुष्कळ ऐकू आली. जो तो संस्थानिकांच्या मोटारी, त्यांचे चांदीचे भोंगे आणि मखमली गाद्या यांविषयी बोलत होता. माझ्या मनात आले, आम्हा बडोदेकर मराठी मंडळींना महाराजांच्या मोटारी आठवतात, महाराजांचे कलाभवन आठवत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते काढले ते हातांना धंदा शिकवायला. दादासाहेब फाळके तिथे शिकले. पुढे त्याचेच विद्यापीठाचे तंत्रशास्त्र महाविद्यालय झाले आणि तिथून बाहेर पडलेल्या पोरांनी मकरपुऱ्याच्या जी. आय. डी. सी. मधले किती कारखाने चालवले! मोटार उभी करणे हे कलाभवनाचे काम आहे, राजवाड्याचे नव्हे. ज्याला राजवाडा दिसतो तो नाव विकत घेतो आणि काम मिस्त्रीवर टाकतो. ज्याला कलाभवन दिसते तो आधी विचारतो : हे मला उघडता येईल का, जोडता येईल का, आणि मोडले तर दहा मैलांच्या आत कुणाला करता येईल?

या प्रश्नाला माझे उत्तर आहे स्टँडर्ड हेरल्ड. भाच्याला ते मुळीच आवडले नाही. "ती स्पोर्ट्स कार नाही, ती मास्तरांची गाडी आहे," असे तो म्हणाला. मास्तरांची होती हे खरे. पण तिची नातीगोती पाहा. हेरल्डचे रूप आखले इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी. १९५९ साली ती ट्रायंफ या नावाने इंग्लंडात आली आणि १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती इथे बांधली. १९६२ साली ट्रायंफने जी दोन आसनांची स्पिटफायर काढली, जिचे फोटो माझा भाचा रात्री बघत बसतो, तिचे रूपही मिकेलोत्तींचेच आणि तिची चासी म्हणजे हेरल्डचीच आखूड केलेली आवृत्ती. हेरल्डच्या दोन चाकांतले अंतर साडेएक्क्याण्णव इंच, स्पिटफायरचे त्र्याऐंशी. इंजिनाचे घराणे एक. पुढचे सगळे बोनेट मडगार्डांसकट पुढे उघडते, चाकावर बसून इंजिनाशी गप्पा मारता येतात, ती सोयही दोघींत सारखी. स्पिटफायर १९८० पर्यंत बनत होती, तीन लाखांवर खपली, म्हणून तिचे सुटे भाग इंग्लंडात आजही बनतात आणि त्यांतले कितीतरी आपल्या मद्रासी बहिणीला चालतात. एम. जी. च्या लाकडाविषयी असे म्हणता येईल काय?

दुसरी गोष्ट चासीची. फियाट पद्मिनीला वेगळी चासी नसते. पत्र्याचे खोके हीच तिची हाडे. तिचा तळ गंजला की हाडेच गेली. हेरल्डचा पत्रा चासीवर बोल्टांनी बसवलेला आहे, तुकड्या-तुकड्यांनी उतरतो; छप्परसुद्धा बोल्टांवरच आहे. घरच्या कंपाउंडमध्ये चार मित्र आणि एक चेनपुली एवढ्यावर ती सुटी होते, आणि परत उभीही राहते. आता तिचे अवगुणही सांगतो, नाहीतर मीही दलालच ठरायचो. वळणावर जास्त वेग घातला तर तिचे मागचे चाक आत मुडपते, ९४८ सी. सी. च्या इंजिनाकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. आणि पुढच्या चाकांच्या ट्रनियनमध्ये ग्रीस भरू नये, गिअर ऑइल घालावे. इकडचे बहुतेक मिस्त्री निपल दिसले की ग्रीसगन लावतात. वर्षानुवर्षे असे झाले की आटे झिजतात आणि एक दिवस चाक गाडीखाली आडवे पडते. हेरल्ड पाहायला गेलात तर पहिला प्रश्न हाच विचारा.

भाच्याचा एक मित्र आहे, त्याने तिसराच मार्ग काढला : जुनी फियाट घ्यायची, वरचे छप्पर कापायचे, पुढे फायबरचे नाक लावायचे, लाल रंग मारायचा, झाली स्पोर्ट्स कार! या प्रकाराचा मला मनापासून संताप येतो. ज्या गाडीला चासी नाही तिचे छप्पर कापणे म्हणजे घराचे आढे काढून गच्ची करण्यासारखे आहे. खड्ड्यात चाक गेले की दरवाजे उघडतात, नाहीतर उघडतच नाहीत. शिवाय त्या फियाटीने तुमचे काय बिघडवले होते? डुक्कर फियाटपासून पद्मिनीपर्यंत याच गाड्यांनी आपल्या दोन पिढ्यांची लग्ने लावली, बाळंतिणी घरी आणल्या, आणि शोलावरमच्या धावपट्टीवर हेरल्डबरोबर शर्यतीही मारल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी उतरली तेव्हा वर्तमानपत्रांतून किती आसवे गाळली गेली. त्याच सुमारास किती धडधाकट पद्मिन्यांची छपरे कापली जात होती, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही.

आणि कायदाही त्यांच्या बाजूचा नाही. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या मोटारीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांसाठी. अट अशी, की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे कापलेली फियाट बाद. दुसरी अटही वाचून घ्या : ती गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची, रोज वापरायची नाही. तुम्हाला रविवारी सकाळी पावागडापर्यंत जायचे असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवलेली बरी. तिथेही नावाचा मोह महाग पडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांच्या फेरनोंदणीचे शुल्क वाढले, ते देशी मोटारीला दहा हजार आणि आयात केलेल्या चारचाकीला ऐंशी हजार. एम. जी. आणि हेरल्ड यांच्यातला हा फरक दुकानदार सांगत नाही.

दोन आसनांचाच हट्ट असेल तर देशी नावे आहेत. १९९८ साली आलेली, गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म. रेनोचे ११४९ सी. सी. इंजिन, उघडे छप्पर आणि फायबरचे अंग. तिचा पत्रा गंजत नाही, कारण पत्राच नाही. फार थोड्या बनल्या, म्हणून मिळेल ती पुरीच घ्यावी. पुढची काच शाबूत आहे ना, हे आधी पाहावे. अलिबागच्या चिंकारा मोटर्सची रोडस्टरही आहे. लोटस सेव्हनच्या घाटाची, आत ॲम्बॅसिडरमधले इसुझूचे १८०० सी. सी. इंजिन. पण ती अजून म्हातारी झालेली नाही, तिला उभी करायची म्हणजे काय करायचे?

तुम्हा सीमाभागातल्या वाचकांचा मला या बाबतीत हेवा वाटतो. बेळगावचे उद्यमबाग आणि कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर हाताशी असताना तुमची पोरे ओतीव भागांसाठी विलायतेकडे डोळे लावून बसत असतील तर कमाल आहे. नमुना न्या, ओतून घ्या, लेथवर उतरवा. त्या माणसांशी बोलायला भाषेचीही अडचण नाही. आमचा गुजराती मिस्त्री गंजाला ‘काट’ म्हणतो, तुमच्याकडे कानडीत तुक्कू म्हणत असतील. दोन्ही शब्द ठाऊक असलेल्या माणसाला फसवणे कठीण जाते. मागे मी एक चकचकीत हेरल्ड बघायला याच मिस्त्रीला घेऊन गेलो होतो. मालक गाडीभोवती फिरत स्तुती करत होता. मिस्त्रीने दरवाजाखालच्या पट्टीवर चुंबक लावले, ते सटकन खाली पडले. आत बोटभर लांबी भरलेली. तो मला हळूच म्हणाला, "साहेब, काट अंदरथी छे." आम्ही चहा न घेता परतलो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री पुन्हा आली. धोक्याची पातळी २५ फूट, पाणी ३५ च्या वर गेले. सावली रस्त्यावर नव्या कोऱ्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्या पुरातल्या किती गाड्या धुऊनपुसून आता बाजारात आल्या असतील, म्हणून हल्ली मी गुजरातेतली कुठलीही जुनी मोटार पाहताना गालिचा उचलतो, सीटच्या स्प्रिंगा बघतो, हेडलाइटच्या वाटीत बोट घालतो. गाळाची रेघ तिथे राहते.

भाचा पुरता पटलेला नाही. एम. जी. च्या दलालाला त्याने अजून नाही म्हटलेले नाही, फक्त चासीवरच्या नंबराचा छाप कागदावर उतरवून मागितला आहे. तीन आठवडे झाले, छाप आलेला नाही. दरम्यान आणंदकडे एक हेरल्ड आहे, चालू स्थितीत, एका हातची, निवृत्त प्राध्यापकांची. आर. सी. ची नोंद संगणकावर चढलेली आहे असे फोनवर कळले. येत्या रविवारी आम्ही दोघे जाणार आहोत. मिस्त्रीला सांगून ठेवले आहे. चुंबक, टॉर्च आणि जुनी चादर, गाडीखाली झोपायला.