सहलीची होडी आणि गरजेची होडी

आईवडील आणि मुले होडीत बसून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर हिंडत आहेत, सकाळी या किनाऱ्यावर न्याहारी तर संध्याकाळी त्या किनाऱ्यावर मुक्काम, हे उष्ण कटिबंधातील सुखाचे चित्र आता आपल्याकडील मध्यमवर्गालाही परके राहिलेले नाही. अंदमानला जाऊन आलेली कुटुंबे सोलापूर जिल्ह्यातही भेटतात. पण जेऊरच्या माणसाला बेटे पाहण्यासाठी बंगालचा उपसागर ओलांडण्याचे कारण नाही. जेऊर स्थानकावर उतरून कुगावच्या दिशेने गेले की उजनीचा फुगवटा समोर पसरलेला दिसतो. उन्हाळ्यात पाणी ओसरू लागले की त्यातून टेकाडे वर येतात. पलीकडे इंदापूर तालुक्यात पळसदेवचे जुने मंदिर डोके बाहेर काढते आणि उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. येथे जलपर्यटन उभे राहावे असे शासनाला व स्थानिकांना वाटले तर त्यात नवल नाही. प्रश्न एवढाच की, या पाण्यावर सहलीची होडी आणण्यापूर्वी गरजेच्या होडीचे आपण काय केले?

हे पाणी मुळात सहलीसाठी आलेले नाही. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमाकाठची गावे, मळे, देवळे व नदी ओलांडण्याच्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. धरणाने ऊस दिला, केळी दिली, करमाळ्याच्या कोरड्या शिवाराला हिरवेपण दिले, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या दोन काठांमध्ये पूर्वी एक नदी होती, तेथे समुद्रासारखा पसारा झाला. कुगावहून कळाशी किंवा शिरसोडी समोर दिसते, पण रस्त्याने जायचे तर टेंभुर्णी किंवा भिगवणचा लांबलचक वळसा पडतो. लग्नकार्य, दवाखाना, बाजार, लेकीचे सासर यांसाठी काठावरच्या माणसाने होडीचा आधार घेतला तो हौसेने नव्हे.

दोन अपघात, एकच पाणी

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांना जलसमाधी मिळाली. एक जण पोहत काठाला लागला. मृतांपैकी चौघे एकाच कुटुंबातील होते. पती, पत्नी आणि त्यांची दोन लहान मुले. त्याआधी २०१७ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस याच जलाशयात सहलीसाठी आलेल्या डॉक्टरांची होडी बुडून चार डॉक्टर दगावले होते. एक होडी गरजेची, दुसरी हौसेची. पाण्याने दोघींत भेद केला नाही.

दोन्ही घटना वळवाच्या दिवसांतल्या आहेत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दिवसभर तापलेल्या माळावर दुपारनंतर ढग दाटतात आणि काही मिनिटांत सोसाट्याचा वारा सुटतो. नदीच्या अरुंद पात्रात त्याचे फारसे भय नसते. परंतु मैलोन्‌मैल मोकळ्या पाण्यावर त्याच वाऱ्याच्या लाटा होतात आणि कमी उंचीच्या काठाची, माणसांनी भरलेली होडी त्यांच्यापुढे टिकत नाही. नावाड्याचे कसब नदीवर घडलेले असते, जलाशयाची जात समुद्राची आहे. हा फरक आपल्या व्यवस्थेने ओळखलेला नाही.

आणि हे केवळ उजनीचे दुखणे नाही. २००९ मध्ये केरळात थेक्कडीच्या जलाशयात पर्यटकांची होडी उलटून ४५ जण मृत्युमुखी पडले. २०२३ मध्ये त्याच राज्यात तानूर येथे २२ जण बुडाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी तर मुंबई बंदरात घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून १५ जणांचा बळी गेला. प्रत्येक वेळी कारण वेगळे असते; मात्र प्रवाशांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे का नव्हती, हा प्रश्न मागाहूनच विचारला जातो.

बंदी हा उपाय नव्हे

यावर काही जण म्हणतील की होड्याच बंद कराव्यात. हा सल्ला काठावर न राहणाऱ्यांचा आहे. गरज उरली की होडी चोरून चालते, आणि चोरून चाललेली होडी अधिक धोक्याची. दुसऱ्या बाजूने असेही म्हटले जाईल की नियमांचा बडगा उगारला तर गरीब नावाड्याची भाकरी जाईल. हा आक्षेप मात्र गंभीर आहे. त्याचे उत्तर असे की, खर्च नावाड्यावर टाकू नये. जलपर्यटनासाठी जो पैसा खर्च होईल, त्यातील पहिला रुपया जाकिटे, धक्के आणि नावाड्यांचे शिक्षण यांवर खर्च व्हावा.

कायदा नाही असे नव्हे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यांत्रिक होड्यांची नोंदणी, तपासणी आणि चालकांची पात्रता यांची तरतूद आहे. होडीच्या अंगावर भाराची मर्यादारेषा असावी, यासाठी सॅम्युएल प्लिम्सॉल या ब्रिटिश खासदाराने लढा दिला आणि १८७६ मध्ये ती कायद्यात आणविली. दीडशे वर्षांपूर्वीचे ते शहाणपण उजनीच्या होडीवर रंगाच्या एका पट्ट्याने उतरू शकते. किती माणसे बसवावयाची हा आकडा होडीवर ठळक लिहिलेला असावा, चढणाऱ्यांची यादी धक्क्यावर राहावी, वादळाचा इशारा आला की लाल बावटा लागावा आणि तो असताना कोणाच्याही शब्दाखातर होडी सुटू नये. अंदमानात सरकारी बोटींवर बेटावरच्या रहिवाशांना अग्रक्रम मिळतो, पर्यटकाचा क्रम नंतरचा. उजनीवरही हाच क्रम न्याय्य ठरेल.

शिरसोडी-कुगाव पुलाला मान्यता मिळाली आहे, हे स्वागतार्ह आहे. पण पूल एका जागी असतो आणि पाणी सर्वत्र. पूल झाल्यावरही मासेमार, शेतकरी आणि पर्यटक होडीत बसणारच. ज्यांच्या जमिनीवर हे पाणी उभे आहे, त्यांचे मूल होडीत निर्धास्त बसू शकेल, त्या दिवशी जेऊरच्या स्थानकावर पर्यटकांचे स्वागत खुशाल करावे. तोपर्यंत बेटांच्या जाहिराती छापण्याची घाई नको.