वाळवंटातील खडीची वाट आणि सायकल कारागिराची रोजी

व्यापार-उद्योगाच्या पानावर सायकलस्वारीचा विषय पाहून काही वाचक बांधवांना नवल वाटेल. परदेशातील सुखवस्तू मंडळींचा हा शौक, त्याच्याशी आमच्या पंक्चरवाल्याचा काय संबंध, असेही कोणी विचारील. संबंध आहे आणि तो थेट पोटापाण्याचा आहे, असे आमचे मत आहे. मोरोक्कोच्या वाळवंटी मुलखात तो सर्वांत स्वच्छ दिसतो, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूचे डोंगर येतात. प्रत्यक्षात सहाराचा जेमतेम पाव भाग, किंबहुना त्याहूनही कमी, वाळूने व्यापलेला आहे. बाकी सारा खडक, माळ आणि खडी. खडकाळ पठाराला तेथे 'हमादा' म्हणतात, खडीच्या सपाट मैदानाला 'रेग' आणि वाळूच्या टेकड्यांना 'अर्ग'. अर्गमध्ये सायकल रुतते, ती हातात धरून चालावे लागते. पण रेगवरून आणि गावांना जोडणाऱ्या कच्च्या गाडीवाटांवरून ती उत्तम धावते. अशा वाटांसाठीच 'ग्रॅव्हल बाईक' नावाची सायकल निघाली आहे. (आपल्याकडे बाईक म्हणजे मोटारसायकल, पण ही पायांनीच चालवायची.) हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, ब्रेक डिस्कचे आणि टायर ४० ते ५० मिलिमीटर रुंद. शर्यतीच्या सायकलीत ८०-९० पौंड हवा भरतात, हिच्यात ३०-३५ पौंड पुरते. हवा कमी असल्याने टायर दगडावर दबतो, उसळत नाही. बहुतेक सायकलींत ट्यूब नसतेच. टायरमध्ये रबराचे दुधासारखे पातळ द्रावण घालतात. काटा घुसला की ते भोकातून बाहेर येऊन तेथेच गोठते आणि हवा थांबते.

हा प्रकार अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या खडीच्या रस्त्यांवरील शर्यतींनी गाजवला, आणि २०२२ साली इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यतही झाली. शर्यतींचे कौतुक क्रीडापानाने करावे. आमचे लक्ष आहे ते त्यामागच्या खर्चाकडे आणि तो कोणाच्या हाती पडतो याकडे.

फेब्रुवारी २०२० मध्ये माराकेशहून 'अ‍ॅटलास माउंटन रेस' ही शर्यत प्रथम निघाली. अ‍ॅटलास पर्वत ओलांडून पलीकडच्या कोरड्या मुलखातून थेट अटलांटिक समुद्रापर्यंत, सुमारे ११४५ किलोमीटर. तिचा एक नियम व्यापाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. स्वाराला मागून गाडी नाही, मदतनीस नाही. जे वाटेत कोणालाही विकत मिळते तेवढेच घ्यायचे. म्हणजे त्याचे जेवण, पाणी, मुक्काम आणि दुरुस्ती हे सारे गावच्या बाजारातूनच आले पाहिजे. मोरोक्कोत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला 'हानूत' म्हणतात. पाव, खजूर, चीज, सार्डिन माशांचा डबा, पाण्याच्या बाटल्या, एवढाच माल. परंतु चाळीस-पन्नास किलोमीटरच्या ओसाड टप्प्यानंतर आलेल्या स्वारासाठी त्या दुकानाहून मोठी पेढी दुसरी नाही.

याउलट दुसरी तऱ्हा पाहा. परदेशातील कंपनी सहलीचे पैसे तिकडेच घेते. मागे जीप, जीपमध्ये स्वयंपाकी, पाण्याचे कॅन, सुटे भाग आणि मिस्त्रीही. स्वार गावातून धूळ उडवीत जातो आणि हानूतवाला बघत राहतो. चालकाची आणि स्वयंपाक्याची मजुरी सुटते हे खरे, पण बाजारपेठेला त्यातून काय मिळाले? वाळवंटी पर्यटनाचे गोडवे गाणाऱ्यांनी या दोन तऱ्हांतला फरक आधी सांगितला पाहिजे. आमच्या मते पहिलीच तऱ्हा कसबी माणसाच्या हिताची आहे.

वाळवंटाच्या तोंडाशी बसून व्यापार करण्याची विद्या त्या देशाला नवी नाही. आजच्या रिसानी गावाजवळ सिजिलमासा या जुन्या शहराचे अवशेष आहेत. सोन्या-मिठाचे तांडे येथून सुटत. इब्न बतूता १३५२ साली येथूनच दक्षिणेकडे निघाला, तेव्हा त्याने आधी उंट आणि चार महिन्यांचा चारा खरेदी केला होता. सोन्याचा नफा दूरदेशच्या सौदागरांचा असेल, पण उंट, चारा, पखाली, दोरखंड आणि खोगिरे विकणाऱ्यांचा धंदा प्रत्येक तांड्यामागे ठरलेला होता. आज उंटाच्या जागी सायकल आली आहे.

तेथील काही तरुणांनी हे ओळखलेले दिसते. माराकेशमध्ये एका डच महिलेच्या पुढाकाराने २०१६ साली 'पिकाला' ही संस्था सुरू झाली. पिकाला म्हणजे त्यांच्या बोलीत सायकल. तेथे तरुण-तरुणींना सायकल दुरुस्तीचे आणि वाटाड्याचे काम शिकवतात. पुढाकार परक्या बाईने घ्यावा लागला, हे आम्हांला थोडे खटकते. पण काम चांगले आहे.

आता आपल्या कारागिरांकडे वळू. ग्रॅव्हल सायकली पुण्या-मुंबईत विकल्या जात आहेत. हा गिऱ्हाईक दारात आला की आपला जुना मिस्त्री बिचकतो. "यात ट्यूबच नाही," म्हणून त्याला परत पाठवतो आणि तो काचेच्या मोठ्या शोरूमकडे वळतो. बिचकण्याचे कारण नाही. मोटारीच्या ट्यूबलेस टायरला रबराची वात भरणे ज्याला येते, त्याला येथे फक्त बारीक वात वापरायची आहे. चाकाचा आऊट काढण्यात तर आपल्या उस्तादांचा हात धरणारा विरळाच. टायर फाडणाऱ्या काट्यांत मोरोक्कोतही आपलाच सराटा आणि बाभळीच्या जातीचे काटे आहेत.

तीन गोष्टी मात्र नव्याने शिकाव्या लागतील. पहिली, तेलाची सवय. आपला हात तेलाच्या डब्याकडे आधी जातो. डिस्कवर तेलाचा थेंब पडला तर ब्रेकचे पॅड खराब होतात आणि उतारावर गिऱ्हाइकाच्या जिवावर बेतते. साखळीवरही जाड तेल नको. त्यावर वाळू चिकटते आणि पॉलिश पेपरने घासावे तसे दाते झिजतात. वाळवंटातले स्वार म्हणूनच मेणाचे किंवा कोरडे वंगण वापरतात. दुसरी, ब्रेकमधील द्रव. शिमानोच्या ब्रेकला खनिज तेल लागते, तर स्रामच्या बऱ्याच ब्रेकना मोटारीसारखे डॉट द्रव. एकाच्या जागी दुसरे घातले की आतील रबर गेलेच म्हणून समजा. तिसरी, टायरमधले द्रावण उन्हाने सुकते. उन्हाळ्यात दोन महिन्यांनी ते तपासून पुन्हा घालावे लागते, म्हणजे एकच गिऱ्हाईक वर्षातून चार-पाच वेळा दुकानाची पायरी चढतो.

भांडवलही डोळे फिरावेत इतके लागत नाही. वाल्व्हची किल्ली, बारीक वातींचा संच, द्रावणाच्या बाटल्या, दोन्ही द्रवांच्या वेगवेगळ्या पिचकाऱ्या आणि भक्कम पंप, एवढ्यावर सुरुवात होते. पिचकाऱ्यांवर नावे लिहून त्या वेगळ्या खणात ठेवाव्यात. सायकल महाग दिसते म्हणून दुप्पट मजुरी मागण्याचा मोह काहींना होईल. हे स्वार आपसांत सतत बोलणारे असतात, दुकानाची कीर्ती आणि बदनामी दोन्ही एका रविवारात पसरते. तेव्हा मजुरीचे दर पाटीवर लिहून दुकानाच्या दर्शनी भागी लावावेत, आणि ती पाटी मराठीबरोबर इंग्रजीतही असावी.