छेचाळीस टक्क्यांचा कॉल

गोव्याच्या ट्रिपवर लिहितो लिहितो म्हणत राहूनच गेलं. आजही ट्रिपवर लिहीत नाहीये. त्यातला फक्त एक डाव सांगायचाय. तो मी जिंकलो, आणि तरीही चुकीचा खेळलो, असं आता माझं ठाम मत आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा आला आणि पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळायच्या साइट्स बंद झाल्या. तेव्हापासून आमच्या ग्रुपची हौस भागते ती मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर. आम्ही खेळलो ती टूर्नामेंट अगदी छोटी. एकच टेबल, दहा जण, प्रत्येकी ५,००० रुपये (बोटीचा खर्च वेगळा, तो विचारू नका). सुरुवातीला प्रत्येकाला २,००० चिप्स. बक्षिसं तीन: २५,०००, १५,००० आणि १०,०००. चौथ्याला नारळ.

दोन-अडीच तासांनी चौघे उरलो. योगायोग असा की चौघांकडेही जवळजवळ ५,००० चिप्स. पहिल्या दोघांनी पत्ते टाकले. माझ्या उजवीकडे टोपीवाले एक काका, स्मॉल ब्लाइंडवर. संध्याकाळभर गप्प बसलेला माणूस. त्यांनी सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. ऑल-इन! मी बिग ब्लाइंड, माझे ४०० आधीच आत. पत्ते बघतो तर बदामचा एक्का आणि किलवरचा गुलाम.

आता इंजिनियरला असल्या वेळी जे सुचतं तेच मला सुचलं. हिशोब! अजून ४,६०० टाकायचे, जिंकलो तर एकूण १०,००० माझे. म्हणजे शंभरातून ४६ वेळा जिंकलो की बरोबरी. एक्का-गुलाम तर कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध ६३ टक्क्यांच्या पुढे आहे. कॉल! काकांनी दश्शीची जोडी दाखवली. तिच्यापुढे माझे साधारण ४३ टक्के. शेवटच्या पत्त्यावर गुलाम आला, काका बाहेर. पुढे मी दुसरा आलो, १५,००० खिशात. मागे उभे असलेले आमचे लोक 'काय कॉल मारलाय' म्हणून नाचत होते. काका उठता उठता म्हणाले, "किती टक्के धरलेस?" मी छाती फुगवून म्हणालो, "छेचाळीस." ते म्हणाले, "चिप्सचे ना?" आणि गेले.

हा 'चिप्सचे ना' मला पुण्याच्या बसमध्ये झोपू देईना. शेवटी लॅपटॉप काढून एक्सेल उघडलं..

मुद्दा साधा आहे, पण टेबलावर डोक्यात येत नाही. टूर्नामेंटमधल्या चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. टेबलावरच्या सगळ्या २०,००० चिप्स तुम्ही जिंकल्या तरी ५०,००० पैकी २५,०००च मिळतात, उरलेले हरलेल्यांना. म्हणून चिप्स दुप्पट झाल्या की त्यांची किंमत दुप्पट होत नाही. हे मोजायची एक रीत आहे, इंडिपेंडंट चिप मॉडेल किंवा आयसीएम. मूळ सूत्र हार्विल नावाच्या गणितज्ञाने १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीसाठी मांडलेलं. मेसन मालमथने १९८७ मध्ये ती कल्पना पोकरमध्ये आणली. रेसकोर्सवरून पत्त्यांच्या टेबलावर, म्हणजे फार लांबचा प्रवास नाही!

त्या सूत्राने माझा डाव मोजला. पत्ते टाकले असते तर उरलेल्या ४,६०० चिप्सची किंमत साधारण ११,८०० रुपये. कॉल करून जिंकलो तर १०,००० चिप्स, किंमत १९,२०० च्या आसपास. हरलो तर शून्य. भागाकार करा: ६२ टक्के! ४६ नव्हे. काका डोळे मिटून कुठलेही पत्ते ढकलत असते तरच माझा कॉल जेमतेम पास. आणि ते तसले नव्हते, हे मी संध्याकाळभर बघत होतो. ते निम्मेच पत्ते घेऊन ढकलत असते तरी मी नापास.

'असं खेळून माणूस भित्रा होतो' असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं. त्यात थोडं तथ्य आहे. दहाच्या दहा जण बसलेले असताना ४६ आणि खरा आकडा यांत फार फरक नसतो, तिथे बिनधास्त खेळा. ज्याच्याकडे १,००० चिप्स उरल्यात त्याच्या ऑल-इनलाही फार घाबरायचं कारण नाही, हरलात तरी तुम्ही टेबलावर असता. सूत्राला वाढत जाणारे ब्लाइंड कळत नाहीत, समोरचा कच्चा आहे हेही कळत नाही. मान्य. पण मला वाटतं भित्रेपणाचा आरोप उलट्या माणसावर होतोय. ढकलणाऱ्याला जिंकायचे दोन रस्ते असतात: समोरचा पत्ते टाकेल, किंवा आपले पत्ते सरस ठरतील. कॉल करणाऱ्याला एकच. तरी आपण कॉल करतो, कारण आधी टाकलेले ४०० सोडवत नाहीत आणि मागे मित्र उभे असतात. त्या चार जोड्या डोळ्यांसमोर एक्का-गुलाम टाकून देणं मला जमलं नाही, एवढंच खरं. गणित नंतर लावलं, तेही आपल्याला हवं ते.

ज्या टूर्नामेंटमध्ये दहा जणांना सारखंच बक्षीस असतं, तिथे अकरा उरलेले असताना भरपूर चिप्सवाल्याने एक्क्यांची जोडीसुद्धा टाकून द्यावी लागते. तीन पत्तीत दिवाळ्या काढलेल्या माणसाला हे सांगून बघा. :-)

असो. खरी बोच वेगळी आहे. दुसऱ्या दिवशी माझा रूममेट तसल्याच टूर्नामेंटमध्ये बसला. पुन्हा चौघे, चिप्स जवळपास सारख्या, समोरून ऑल-इन. त्याच्याकडे राजा-राणी. हे पत्ते कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्धसुद्धा ६१ टक्केच जिंकतात. त्याने वळून माझ्याकडे बघितलं, हसला, म्हणाला "छेचाळीस" आणि कॉल केला. समोर एक्का-राजा. चौथा आला, नारळ घेऊन.

त्याचे ते पाच हजार घरभाड्याच्या वाट्यातले होते. त्या महिन्याचं भाडं मी भरलं, माझ्या पंधरा हजारांतून. एक्सेलची शीट अजून त्याला दाखवलेली नाही.